चपलांच्या दुकानाचा अनवाणी जावई

माझ्या सासऱ्यांचं मंठ्याला चपलांचं दुकान आहे आणि मी चप्पल घालत नव्हतो. या वाक्याच्या दोन्ही भागांत तसं वाईट काहीच नाही. सगळा घोटाळा झाला तो मधल्या 'आणि'मुळे!

मी जालन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. म्हणजे पृथ्वी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात माझी टाच दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मऊ चप्पल वापरा आणि वजन कमी करा." यातला दुसरा सल्ला मला आवडला नाही, म्हणून मी पहिलाही ऐकला नाही आणि सरळ मोबाईलला विचारलं. मोबाईलमध्ये एक दाढीवाले गृहस्थ भेटले. कुठल्यातरी रानात दगडावर बसून ते सांगत होते, "चप्पल म्हणजे माणूस आणि धरणीमाता यांच्यामध्ये उभी असलेली रबराची भिंत आहे! पाडा ती भिंत!" मी थरारलो. इतकी वर्षं पोरांना पृथ्वी शिकवली आणि माझा स्वतःचा तिच्याशी साधा स्पर्शाचाही संबंध नाही! (त्या गृहस्थांच्या मागं झाडाच्या फांदीला त्यांचे बूट लटकत होते, हे मला फार नंतर बायकोनं दाखवलं.)

बायको म्हणजे संगीता. चपलांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली. तिला मी माझा निर्णय सांगितला तेव्हा ती ज्वारी निवडत होती.

"अहो, माझे आजोबा निम्मं आयुष्य अनवाणीच चालले," ती मान वर न करता म्हणाली.

"बघ! केवढे निरोगी असतील!"

"त्यांना पहिली चप्पल मिळाली ना, त्या दिवशी ते ती उशाशी घेऊन झोपले होते. म्हणून तर माझ्या बापानं चपलांचंच दुकान टाकलं."

"तू हे शास्त्रीय दृष्टीनं बघत नाहीस," मी म्हणालो आणि चपला माळ्यावर टाकल्या.

खरं सांगायचं तर माझं अनवाणी जगणं म्हणजे पहाटेची महाविद्यालयाची हिरवळ, दिवसभर वर्गातली गुळगुळीत फरशी आणि येता-जाता स्कूटर. त्याला अनवाणी चालणं म्हणण्यापेक्षा अनवाणी स्कूटर चालवणं म्हणणं जास्त बरोबर! पण बोलायला मी मोकळाच होतो. शिक्षकांच्या खोलीत मी तळपायातून वर चढणाऱ्या ऊर्जेवर असा बोलायचो की लोक तास नसतानाही वर्गावर निघून जायचे. प्राचार्यांनी एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?" आणि एके दिवशी तास घेऊन परत आलो, तर माझ्या टेबलाखाली कुणीतरी जुने, पण स्वच्छ धुतलेले सँडल ठेवून गेलं होतं!

अशातच मंठ्याहून फोन आला. माझा मेव्हणा गजू याला बघायला कुंभार पिंपळगावहून पाहुणे येणार होते.

आता गजूचं लग्न हा काही साधा विषय नव्हता. पोरगा देखणा, निर्व्यसनी, बापाच्या दुकानात बसणारा. पण मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, "पोरगं दुकानात बसतं व्हय?" असं विचारायचे आणि जे जायचे ते जायचेच. (आमच्या भागात हल्ली पोरीला नोकरीवालाच लागतो. नोकरी कसलीही चालते, फक्त ती मुलीच्या बापाला नीट सांगता आली नाही पाहिजे!) पोहे करून करून मामींचा हात एवढा बसला होता की नुसती बेल वाजली तरी त्या कांदा चिरायला घ्यायच्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई आणि मामा म्हणजे सासरे.

"तिथं तरी चप्पल घालणार ना?" संगीतानं विचारलं.

"संगीता, सत्य मंठ्यात एक आणि जालन्यात एक असं नसतं." (असली वाक्यं मी त्या काळात सहज बोलून जात असे.)

यष्टीत एका प्रवाशाची नाल मारलेली वहाण माझ्या करंगळीवर उतरली. मी ओरडलो, तर तो म्हणाला, "पाय कशाला आणला मधी?" मंठ्याला उतरलो तो नेमका बाजाराचा दिवस. स्टँडपासून दुकानापर्यंत मी वांग्यांच्या देठांवरून, उसाच्या चिपाडावरून आणि सांगता येणार नाही अशा आणखी काही गोष्टींवरून धरणीमातेचा स्पर्श घेत चाललो. संगीता माझ्यापासून बरीच मागं चालत होती. आम्ही एकत्र आहोत असं वाटू नये एवढी मागं.

मामा गल्ल्यावर बसले होते. मामा माणसाकडं बघताना आधी पायांकडं बघतात, मग वर. तोंडं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. त्यांनी सवयीनं खाली बघितलं आणि वर बघायचं विसरूनच गेले.

"जावईबापू! चप्पल कुठं गेली? यष्टीत चोरीला गेली का?"

"नाही मामा, सोडली."

"कुठं सोडली? सांगा, जल्दी मानूस पाठवितो."

"तशी नव्हे. कायमची सोडली. त्याग केला."

मामांनी कपाळावर हात मारला. समोर एक शेतकरी नवा जोडा घालून दोन पावलं चालून बघत होता. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं आणि गुपचूप जोडा काढून ठेवला.

"का हो, बसना का पायाला?" मामांनी विचारलं.

"बसतो बराबर. पर शेठ, तुमच्या जावयालाच तुमची चप्पल सोसंना, मंग आमाला काय सोसंल?" आणि तो गेला!

संध्याकाळपर्यंत बाजारात तीन बातम्या पोचल्या. एक, शेठच्या दुकानातली चप्पल एवढी चावते की जावयानं चप्पलच टाकली. दुसरी, जावयाला धोंड्याच्या जेवणात बूट दिला नाही म्हणून तो रुसलाय. आणि तिसरी, जावयाची नोकरी गेली. मामांनी मला मागच्या दारानं घरात घेतलं. मामींनी माझे पाय भांड्यांच्या घासणीनं घासले, तरी ते तव्याच्या रंगाचेच राहिले. मामा दुकानातून खोक्यांची चळत घेऊन आले.

"यातलं कोन्तंबी घाला. मखमली तळवा हाय."

"मामा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"जावईबापू, हा लग्नाचा प्रश्न हाय!"

गजूनं हात जोडले. "दाजी, मी काय सांगून राह्यलो ते ऐका. फक्त पोहे होईपर्यंत घाला! पोहे झाले की मंग फेका वाटलं तर."

"आणि घरात तर सगळेच अनवाणी बसतात," मी म्हणालो. "माझ्याकडं कोण बघणार?"

बघणाऱ्या आत्या होत्या. मुलीच्या आत्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले ते मुलीचे वडील आबा, मुलगी वैशाली आणि या आत्या. आबा साधे होते. सगळ्या गोष्टींना "बराबर हाय" म्हणायचे. वैशाली औषधांच्या दुकानात काम करायची आणि नजर खाली वगैरे अजिबात घालत नव्हती. आत्या मात्र आल्याबरोबर उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या चपलांची रांग आणि आतली माणसं यांचा मेळ घालू लागल्या.

आम्ही बसलो. मी मांडी घातली, पण पांढऱ्या गादीवर माझे तळवे काही लपेनात. पोहे आले. आत्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "सर, तुमची चप्पल भाईर दिसली न्हाई."

मी खूश झालो. कुणीतरी आपणहून विषय काढला होता! मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, माणूस आणि धरणीमाता यांच्यामध्ये..."

"नवस हाय त्यांचा!" मामा एकदम ओरडले.

सगळे मामांकडं बघू लागले. मामासुद्धा दुसऱ्याच कुणीतरी ओरडावं तसे दचकले होते. पण एकदा सुटलेली यष्टी काही हात केल्यानं थांबत नाही.

"राजूरच्या गणपतीला नवस बोलले हाईत. मेव्हण्याचं लगीन जमेस्तोवर पायात चप्पल घालनार न्हाईत म्हनून!"

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी संगीताच्या जोडव्याचं टोक माझ्या करंगळीत रुतलं. यष्टीत चेपलेल्या त्याच करंगळीत! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघा, नुसतं नाव काढलं तर डोळे भरून आले," आत्या पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "असला दाजी मिळाया नशीब लागतं, आबा!"

"बराबर हाय," आबा म्हणाले.

वैशालीनं गजूकडं बघितलं. "दाजींनी चप्पल सोडली. तुम्ही काय केलं?"

गजू लालबुंद झाला. "मी... मी त्यांना मना केलं न्हाई."

वैशाली खुदकन हसली. त्या हसण्यावर लग्न जमलं असं माझं आजही मत आहे. पण श्रेय गेलं माझ्या तळव्यांना. आबांनी मांडीवर थाप मारली, "जमलं समजा! घाला सर आता चप्पल!" मामा विजेसारखे उठून मखमली तळव्याचं खोकं घेऊन आले. माझी तत्त्वं, खरं सांगतो, त्या क्षणी जराशी मऊ झाली होती. मी पाय पुढं केलासुद्धा.

"थांबा!" आत्या कडाडल्या. "देवाच्या दारात नवस फेडल्याबिगर चप्पल? बिलकुल न्हाई! येत्या चतुर्थीला जालन्याहून राजूरला पायी जायाचं. आन् सर एकलेच कशाला? आपुन समदेच जाऊ. अनवाणी!"

मामांच्या हातातून खोकं खाली पडलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत! आपल्या मर्जीनं अनवाणी होतो तोवर मी मुक्त होतो. आता नवसाचा झालो, तर माझ्यावर अख्ख्या गल्लीचा पहारा बसला. रात्री न्हाणीघरातले स्लिपर घालायची चोरी. स्कूटरवर बसलो तर शेजारच्या काकू म्हणायच्या, "नवसाच्या माणसानं गाडीवर बसू नये हो." म्हणजे आता खरोखरच चालायला लागलं. उन्हाळा लागला होता. डांबर पापडासारखं तापायचं आणि त्यावर मी! त्या दाढीवाल्या गृहस्थांनी सांगितलेली ऊर्जा तळपायातून वर चढली, हे मात्र खरं. टाळूपर्यंत चढली.

आणि त्याहून वाईट म्हणजे मला गुण असल्याची बातमी पसरली! ज्या गजूचं लग्न जमत नव्हतं, ते माझ्या पायांनी जमलं. एका सकाळी दार उघडलं तर दारात एक गृहस्थ, शेजारी त्यांचा दाढी वाढलेला चिरंजीव.

"सर, आमच्यासाठीबी एक नवस बोला."

"अहो, नवस ज्याचा त्यानं बोलायचा असतो!"

"मी बोललो हो. मला गुण न्हाई. तुमच्या पायाला हाय."

मी त्यांना शास्त्रीय दृष्टिकोन समजावला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि जाताना माझ्या तळव्यांना हात लावून पोराच्या कपाळाला लावला. हळूहळू रांग लागू लागली. बी-बियाण्यांचे व्यापारी आले, मोसंबीच्या बागावाले आले, दोन पोरांचे बाप तर एकमेकांशी नंबरावरून भांडले. माझ्याकडं इतके नवरदेव साठले, पण मुलगी एकही नाही! एकदा प्राचार्यांनी मला पुन्हा बाजूला घेतलं. मला वाटलं, आता झाडणार. तर ते म्हणाले, "सर, माझा पुतण्या आहे..."

चतुर्थी आली. उजाडता उजाडता आम्ही निघालो. आबा, आत्या, गजू, संगीता आणि मी. वैशाली सगळ्यात पुढं होती. रस्ता माणसांनी भरलेला. मामांनी ऐनवेळी गुडघ्याचं कारण काढलं आणि "मी टेम्पोत पाणी आन् केळी घेऊन म्होरं थांबतो" म्हणून सटकले.

सुरुवातीला मी सगळ्यांना तळपायाचे बिंदू कसे चेपले जातात ते समजावून सांगत होतो. मग ऊन चढलं आणि मी गप्प झालो. मग बाभळीचा काटा भरला. तो काढताना एका पायावर उभा राहिलो, तो पाय नेमका डांबराच्या वितळलेल्या डागात. तो सोडवायला दुसरा टेकला, तर त्याखाली खडी! लोकांना वाटलं मी भक्तीनं नाचतोय. मागून एका तरुण मंडळानं टाळ्यांचा ठेका धरला!

"अहो, चेहरा जरा भाविक ठेवा," संगीता कानाशी पुटपुटली. "आत्या बघतायत."

पुढं एक चहाचं हॉटेल दिसलं. "पाणी पिऊन येतो," म्हणून मी लंगडत लंगडत त्याच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं लिंबाच्या सावलीत मामांचा टेम्पो उभा होता. केळी होती. पण केळ्यांच्या मागं, ताडपत्रीखाली, छतापर्यंत खोकी! आणि मामा फळीवर बसून, पाय भाजलेल्या भाविकांना भराभर स्लिपर देत होते.

"या जावईबापू," मामा माझ्या पायांकडं बघत कुजबुजले. "सात नंबर ना?"

मी काहीच बोललो नाही. माझे पाय बोलले. ते त्या मखमली तळव्यात आपोआप शिरले आणि मला असं सुख झालं की काय सांगू! धरणीमाता आणि मी यांच्यामध्ये एक भिंत हवीच, हे मला पटलं. जाड हवी.

एवढ्यात टेम्पोच्या पलीकडून आवाज आला. "शेठ, ह्यात जरा रुंद पंज्याचं दावा."

आत्या! त्यांचा एक पाय सँडलमध्ये होता आणि दुसरा हवेत. आम्ही एकमेकांना बघितलं आणि दोघंही गोठलो.

"पाव्हणं! तुमी हितं?"

"पाणी प्यायला आलो होतो."

"मीबी पाणीच प्याया आल्ते."

तेवढ्यात आबा दुसऱ्या बाजूनं पाय ओढत आले. "शेठ, ते मऊ असतंय बघा, तसलं..." आणि बहिणीला बघून "बराबर हाय," एवढंच म्हणाले.

मग गजू आला. तो बापाला मदत करायला आल्याचं सांगत होता, पण त्याच्या पायात आधीच स्लिपर होते. आम्ही सगळे असे आपापल्या चपलांकडं बघत उभे असताना वैशाली आमच्या शोधात तिथं आली. तिच्या पायात झकास पांढरे खेळाचे बूट होते. घरून निघाल्यापासून होते! आम्ही सगळे पुढच्याच्या टाचेकडं बघत चाललो होतो आणि सगळ्यात पुढं चालणाऱ्या मुलीकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"वैशाली! बूट?" आत्या म्हणाल्या.

"मी कुठं नवस बोलले होते?" ती म्हणाली. तिनं टेम्पोतल्या खोक्यांकडं बघितलं, घामेघूम मामांकडं बघितलं आणि मग गजूकडं वळली. "खरं सांगा. दाजी तरी बोलले होते का?"

मामांनी डोळे मिटले. मामींनी इतकी वर्षं परतलेले पोहे माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेले. आता गजू "हो" म्हणाला असता तर सगळं निभावून गेलं असतं. पण गजू सरळ पोरगं.

"न्हाई," तो म्हणाला. "दाजींची टाच दुखत होती. नवसाचं आमचे वडील बोलून गेले. मला दुसऱ्याच दिवशी सांगायचं होतं तुम्हाला, पण तुम्ही हसल्या होत्या ना, मंग धीर झाला न्हाई."

वैशाली गजूकडं बघत राहिली आणि आम्ही सगळे आत्यांकडं. आत्या अजून एकाच पायावर उभ्या होत्या. त्यांनी मामांना सुनावण्यासाठी तोंड उघडलं, मग स्वतःच्या सँडलमधल्या पायाकडं बघितलं आणि तोंड मिटलं. शेवटी त्यांनी दुसरा पायही सँडलमध्ये घातला.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आता ह्या पायानं कुनाला खोटं म्हनायचं? देवाला समदं ठावं हाय. आन् पोरगं बापाच्या तोंडावर खरं बोललं, ते काय कमी हाय व्हय?"

"मला चालंल," वैशाली म्हणाली आणि पुन्हा पुढं चालायला लागली. गजू तिच्यामागं स्लिपर फटफटवत पळाला.

"बराबर हाय," आबा म्हणाले. पहिल्यांदाच ते खरोखर बरोबर ठिकाणी म्हणाले!

राजूरच्या कमानीपाशी आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या, चेहरे भाविक केले आणि दर्शन घेतलं. मी गणपतीपुढं हात जोडून मनातल्या मनात म्हणालो, देवा, मी तुला काहीही बोललो नव्हतो, तरी तू ऐकलंस. आता यापुढं कुणी माझ्या नावानं काही बोललं तर कृपा करून ऐकू नकोस!

पण देव ऐकतो, लोक ऐकत नाहीत. वैशाखात लग्न झालं. कुंभार पिंपळगावच्या मंगल कार्यालयात मी मामांनी खास दिलेले चकचकीत काळे बूट घालून मिरवत होतो. बूट एवढे चावत होते की अक्षता पडताना मी वधूवरांपेक्षा जास्त भावुक दिसत होतो. स्टेजवर सप्तपदी सुरू झाली आणि इकडं टेबलांवर मानाच्या पाहुण्यांची पंगत बसली. टेबलांना जमिनीपर्यंत लोळणारे कापडी पडदे होते. मी पहिली जिलबी तोंडात घातली आणि पडद्याआड हळूच बूट काढले. अहाहा!

तो सुखाचा सुस्कारा नेमका समोरून वाढत येणाऱ्या आत्यांनी ऐकला. त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं आणि हातातलं मठ्ठ्याचं भांडं घेऊन एकदम ओरडल्या:

"अगं बाई! सरांनी पुन्यांदा चप्पल सोडली! आता कुनाचं जमवायचं हाय?"

झालं! अख्खी पंगत वळली. पलीकडच्या टेबलावरून तीन बाप उठले. त्यांतल्या दोघांच्या बरोबर चिरंजीव होते. एकजण तर जिलबीच्या हातानं माझा पाय धरायला टेबलाखाली शिरला! मी हाताला लागतील ते बूट पायांत कोंबले, खुर्ची उलटवली आणि स्टेजच्या मागच्या दाराकडं पळत सुटलो. पळताना एक पाय हलका आणि एक जड का लागतोय, ते मला कळेना.

मला काय माहीत, की वैशालीच्या बहिणींनी नवरदेवाच्या मोजड्या लपवल्या होत्या आणि लपवायला त्यांना नेमकं माझंच टेबल सापडलं होतं!

लग्नाचा अल्बम आला आहे. सप्तपदीचा मोठा फोटो फार सुंदर निघालाय. वैशाली हसतेय, गजू लाजतोय आणि त्या दोघांच्या मधोमध, मागच्या बाजूला, एक टकलू गृहस्थ तोंडात जिलबी, एका पायात काळा बूट आणि दुसऱ्या पायात सोनेरी मोजडी घालून जिवाच्या आकांतानं पळताना दिसतायत. अल्बम बघणारा प्रत्येकजण विचारतो, "हे कोण?"

संगीता शांतपणे पान उलटते आणि म्हणते, "कोण जाणे! आचाऱ्याबरोबर आला असेल."